साडेचौतीस

फोन तसा साधाच होता. एलिझाबेथ मॅडमचा. मिशनच्या एका शाळेत त्या गणित शिकवायच्या, आणि निकालाच्या दिवसांत त्यांचा फोन आला की फैयाज खुर्चीत जरा सावरून बसायचा, कारण बाई दहादा तपासल्याशिवाय कुणाला बोल लावायच्या नाहीत आणि लावला की तो खराच निघायचा. "फैयाज सर, तुमच्या सॉफ्टवेअरला यंदा काय झालंय हो? माझ्या वर्गातल्या जास्मिनची सरासरी साडेचौतीस येतेय. दरवर्षी साडेचौतीसचे पस्तीस व्हायचे, पोरगी पास व्हायची. यंदा चौतीसच दाखवतंय. आणि गंमत म्हणजे साडेपस्तीसचे मात्र छत्तीस करतंय. हा कुठला न्याय?" फैयाज हसला आणि "बघतो मॅडम, पाच मिनिटं द्या" म्हणाला. खरोखर पाचच मिनिटं लागली. शाळांच्या निकालाचा हा जुना प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिलेला होता, आणि यंदा त्याने तो पायथनच्या जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर नेला होता. जुनीत अर्धा आला की तो वर जायचा, सरळ हिशेब. नवीत अर्धा जवळच्या सम आकड्याकडे जातो. चौतीस सम, म्हणून साडेचौतीस खाली चौतीसवर. छत्तीस सम, म्हणून साडेपस्तीस वर छत्तीसवर. त्याने दोन ओळी बदलल्या, जास्मिन पास झाली, मॅडमनी "देव तुमचं भलं करो" म्हणून फोन ठेवला. गोष्ट इथे संपायला हवी होती. शेजारच्या टेबलावरून पंकजा म्हणाली, "पण सर, ते चूक नाहीये. सगळे अर्धे वर ढकलले तर एकूण बेरीज फुगत जाते ना. म्हणून अर्धे वर, अर्धे खाली. शेवटी सगळं जागच्या जागी बसतं." ती नुकतीच कॉलेजातून आली होती, तिला हे पाठ होतं. फैयाजनेही कधीतरी वाचलं होतं. वाचून विसरला होता.

तो खाली चहाला उतरला. नगरच्या प्रोफेसर कॉलनी चौकात एप्रिलचं ऊन असं पडलं होतं की टपरीवाल्याने आपल्या गिऱ्हाइकांसाठी एक जुना फ्लेक्स वर बांधला होता, आणि त्या फ्लेक्सवरच्या कुठल्याशा पुढाऱ्याच्या हसऱ्या तोंडाखाली चार-पाच जण घाम पुसत उभे होते. चहा हातात आला. साडेचौतीस, साडेचौतीस. हे काय लागलंय डोक्याला, असं म्हणत त्याने एक घोट घेतला, आणि जीभ भाजली तसं आठवलं. सहा साडेचौतीस. पहिल्या रोजाची मगरीब, रोजा सोडायची वेळ. या वर्षीचा रमजान फेब्रुवारीत लागला होता आणि पुणतांब्याला पहिल्या दिवशी सूर्य बुडायची वेळ सहा वाजून साडेचौतीस मिनिटं निघाली होती. हे त्याला माहीत होतं, कारण ती वेळ त्याच्याच प्रोग्रॅमने काढली होती, आणि त्या वेळेवर गावच्या मशिदीवरचं सायरन त्याच्याच प्रोग्रॅमने वाजवलं होतं. सायरन सहा पस्तीसला वाजायला हवं होतं. ते सहा चौतीसला वाजलं. असणार. वाजलंच असणार. फैयाजने उरलेला चहा तसाच कट्ट्यावर ठेवला. टपरीवाला म्हणाला, "काय सर, माशी पडली का?" तो "नाही, नाही" म्हणत राहिला आणि त्याला कळेना की आपण नाही नेमकं कशाला म्हणतोय.

सायरन आधी अब्बांच्या हातात होतं. खाजाभाई टेलर म्हणून त्यांना पंचक्रोशीत सगळे ओळखायचे, पण रमजानात ते टेलर नसायचे. दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की दुकानाचं शटर खाली, गळ्यातला टेप तसाच, आणि माणूस मशिदीच्या गच्चीवर. एका तळहातावर घड्याळ, दुसरा हात बटणावर. गोदावरीच्या पलीकडे उसाच्या वर सूर्य टेकला की ते बोलणं बंद करायचे. खाली अख्खं गाव हातात खजूर घेऊन त्यांच्या एका बोटाकडे कान लावून बसलेलं असायचं, नदीपलीकडच्या मळ्यांतली माणसंसुद्धा. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू आला. घड्याळ दिसेना. सूर्य नुसता लाल डाग दिसायला लागला. तेव्हा त्यांनी फैयाजला बोलावलं आणि कपड्याचं माप सांगावं तसं सगळं सांगितलं. पुणतांब्याचा छापील तक्ता कुठे मिळत नाही. नाशिकचा मिळतो, औरंगाबादचा मिळतो, आणि आपण बरोबर मधोमध. तर दोन्ही घे आणि मधली वेळ काढ. छापणारे सावधगिरीची म्हणून त्यात तीन-तीन मिनिटं घालतात, ती वजा कर, इफ्तारला उगाच उशीर करू नये, ती सुन्नत आहे, पैगंबरांची रीत. "पन अर्दा मिनिट आला तर पुढचा धरायचा बरं का," ते म्हणाले होते. "घाई करावी, उतावीळपना न्हाई करायचा. त्यो अर्दा मिनिट आपला न्हाई." फैयाजने हातात मावेल एवढा एक छोटा कॉम्प्युटर आणला, त्यात हा सगळा हिशेब बसवला, सायरनला जोडला. पहिल्या दिवशी सायरन आपोआप वाजलं तेव्हा अब्बा गच्चीवरच उभे होते, रिकाम्या हातांनी. नंतरच्या वर्षी ते गेले आणि सायरन वाजत राहिलं.

वर येऊन त्याने दार लोटलं आणि सायरनच्या प्रोग्रॅमची जुनी फाईल उघडली. या थंडीत त्या छोट्या कॉम्प्युटरचं कार्ड जळालं होतं. नवीन कार्ड घातलं, त्यावर नवीन पायथन आलं. जुना प्रोग्रॅम त्यावर चालेना, जागोजागी अडायचा, इथे कंस नाही, तिथे हे चालत नाही. फैयाजने हसत हसत एकेक अडथळा काढला होता. बदललेली भाषा अशी तोंडावर भांडली की बरं असतं, निदान कळतं तरी. पण हा अर्ध्याचा बदल भांडला नव्हता. तो गप्प बसला होता, गरीब पाव्हण्यासारखा एका कोपऱ्यात. ओळ तीच, शब्द तोच, अर्थ मात्र कुणीतरी दूरदेशी बसून, चांगल्या हेतूने, सगळ्या जगाची बेरीज नीट बसावी म्हणून बदलून टाकला होता. त्याने महिन्याच्या सगळ्या तारखा एकामागून एक चालवून पाहिल्या. बहुतेक दिवस ठीक. काही अर्धे वर गेले होते, तेही ठीक. पाच खाली गेले होते. पाच दिवस गावाने सूर्य बुडायच्या अर्धा मिनिट आधी तोंडात खजूर घातला होता. दिवसभर घशाला कोरड पाडून, उसाच्या फडात उभं राहून, चुलीपुढे बसून, शेवटच्या अर्ध्या मिनिटाला. त्याने खुर्ची मागे सरकवून कपाळ टेबलावर टेकवलं. पंकजा दारातून डोकावली, "सर, बरं वाटत नाहीये का?" तो म्हणाला, "पंकजा, ते तू म्हणालीस ना, शेवटी सगळं जागच्या जागी बसतं. कुणाचं बसतं?" तिला काहीच कळलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे, सर, सरासरी." फैयाजने मान हलवली. रोजा सरासरीने कुणी ठेवत नाही, हे तिला सांगून काय उपयोग होता! ज्याचा त्याने ठेवायचा, ज्याचा त्याने सोडायचा. एकाचा पुढे गेला म्हणून दुसऱ्याचा मागे आलेला भरून निघत नाही.

आणि या सगळ्या विचाराच्या तळाशी दुसराच एक विचार होता, त्याच्याकडे तो बघायचं टाळत होता. अम्मी. बद्रुन्निसा बेगम, वय सत्तरीच्या पुढे, वीस वर्षांची साखर, आणि आता किडन्याही थकल्या. रमजानच्या आधी नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आजी, आता उपास नाही. ती डॉक्टरांना म्हणाली, "उपास न्हाई वो, रोजा हाय," जणू त्याने फरक पडतो. घरी येऊन ती रडली, रुसली, दोन दिवस सुनेशी, उझ्माशी बोलली नाही, आणि शेवटी एका गोष्टीवर तोडगा निघाला: हा एक रमजान. शेवटचा. पुढे कधी नाव काढायचं नाही. उझ्माने तिला कुराणावर हात ठेवायला लावला असता, पण म्हातारीने नुसत्या डोळ्यांनी कबूल केलं. आणि तिने तो निभावला. कसा निभावला ते तिलाच ठाऊक. ईदच्या आदल्या संध्याकाळी ती ओट्यापाशी खाली बसली ती बसलीच, तिला उचलून आणावं लागलं, पण दुसऱ्या दिवशी शिरखुर्मा वाढताना येईल त्याला सांगत होती, "पुरे झाले माझे. एक बी सुटला न्हाई." भाजीवालीला सांगितलं. वायरमनला सांगितलं. फैयाजला तर फोनवर दिवसातून तीनदा. शेवटचा आणि पुरा. ती आता रोज सकाळी त्याच्यावरच उठत होती, हे फैयाजला फोनवरही कळत होतं. तिला सांगायचं की पुरा नाही? आणि सांगितलं तर ती काय करेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. राहिलेला रोजा पुढे कधीतरी ठेवून भरून काढायचा असतो, त्याला कजा म्हणतात, आणि ती पाच कजा ठेवणार. ठेवणारच. या एप्रिलात. मग नाही सांगितलं तर? तर गावाचे पाच रोजे त्याच्या मानेवर, आणि अम्मीचेही. तो उठला, बसला, पुन्हा उठला. उझ्माला फोन लावला आणि तिने उचलायच्या आत कापला. मग पुणतांब्याला जायला गाडीची किल्ली घेतली.

नगर-मनमाड रस्त्यावर माणूस विचार करू शकत नाही असं म्हणतात, एवढे खड्डे. फैयाजला मात्र विळदचा घाट कधी उतरला ते कळलं नाही. राहुरी आली, देवळालीचा फाटा मागे पडला, उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या खडखडत समोरून गेल्या आणि तो स्वतःशी वाद घालत होता. अर्धा मिनिट म्हणजे काय रे? घड्याळंसुद्धा एवढी पुढेमागे असतात. आणि लोक काय सायरनच्या ठोक्याला गिळतात का? दुआ म्हणतात, खजुराची बी काढतात, अर्धा मिनिट तर त्यातच जातो. गेला असेल. काहींचा गेला असेल. पण काहींचा नसेल, आणि आपली अम्मी खजूर आधीच सोलून, बी काढून, ओठाशी धरून बसते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं होतं. सायरनचा पहिला आवाज आणि तिचा पहिला घास यांच्यात मुंगी शिरणार नाही. तिचा भरवसाच तसला. आधी नवऱ्याच्या बोटावर, मग मुलाच्या मशीनवर. कुणी तिला कधी सांगितलं असतं की मशीन गप्प राहून बदलतं, तर ती म्हणाली असती, काहीतरीच काय, माझ्या फैयाजनं केलंय ते. श्रीरामपूरच्या पुढे त्याने गाडी बाजूला घेतली आणि डोक्यावर पाणी ओतलं. त्याला राग आला होता आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. भाषा करणाऱ्यांवर? त्यांनी तर सगळं लिहून ठेवलं होतं, वाचायचं त्याचं काम. कार्ड जळालं त्याच्यावर? अब्बांवर? त्यांनी ती तीन मिनिटं राहू दिली असती तर आज काहीच बिघडलं नसतं. हा विचार आल्याबरोबर त्याला स्वतःची किळस आली आणि त्याने गाडी चालू केली.

हारिस मशिदीत चटया झटकत होता. गावचा हाफिज, अख्खं कुराण तोंडपाठ असलेला, फैयाजचा बालपणीचा सोबती, दोघांनी मिळून गोदावरीच्या घाटावर पोहण्यासाठी मार खाल्लेला. फैयाजने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. हारिसने ऐकलं, चटई घडी करून ठेवली आणि म्हणाला, "अंदाजानं बोलतो का खात्रीनं?"

"खात्रीनं."

"लेका, मला वाटलं तू बायकोशी भांडून आला." मग तो गंभीर झाला. दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "जुम्म्याच्या नमाजीला सांगावं लागंल. लपवता येत न्हाई. पाच कजा. ज्याला जमंल त्यानं ठेवायचे, थंडीत ठेवले तरी चालतात, दिवस लहान असतात. जो बीमार हाय त्याला माफी हाय, फिदिया द्यायचा, गरिबाला जेवू घालायचं, झालं. तुझ्यावर गुन्हा न्हाई, तू जानून केलं न्हाई."

"अम्मीला फिदिया चालेल?"

"चालंल काय, तिला तेच करायला पायजे."

"मग तू सांग ना तिला. तुझं ऐकेल, हाफिज आहेस तू."

"मी?" हारिस हसला. "गेल्या साली मी म्हनलो, चाची, बसून नमाज पढा, गुडघे दुखत्यात ना. मला म्हनली, तुझी सुंता झाली तवाचं तुला वळखते मी, तू मला दीन-धरम शिकवू नको. न्हाई बाबा. जुम्म्याच्या आदी तूच सांग. न्हाई तर बायांकडून कळंल, ते लई वाईट."

घराकडे जाताना फैयाजला वाटत होतं, आपण नगरला परत जावं. गाव ओळखीचं होतं आणि प्रत्येक दारातून कुणीतरी "कवा आला?" विचारत होतं, आणि तो प्रत्येकाकडे बघून मनात म्हणत होता, तुझाही, तुझाही. अम्मी अंगणात खाटेवर बसून लसूण सोलत होती. त्याला बघून तिचं तोंड फुललं. "अगं बाई! न सांगता? उझ्मा बरी हाय ना? जेवला का?" तो तिच्या पायाशी जमिनीवर बसला. उन्हं कलली होती. त्याने बरंच काही ठरवून आणलं होतं, आधी हारिसचं बोलणं सांगायचं, मग माफीचं, मग फिदियाचं, आणि सगळ्यात शेवटी, हळूच, मूळ गोष्ट. पण तिने त्याच्या केसांवर हात ठेवला आणि सगळं उलटं बाहेर पडलं.

"अम्मी, रमजानात पाच दिवस सायरन आधी वाजलं. अर्धा मिनिट. सूर्य बुडायच्या आधी. माझ्या हातनं झालं ते. मशीन बदललं आणि मी तपासलं नाही."

तिचा हात थांबला. लसणाची पाकळी बोटांत तशीच. "गावात समद्यांचंच?"

"सगळ्यांचंच."

फैयाज तिच्या पायांकडे बघत राहिला. सुजलेले पाय, घोट्याशी चकचकीत झालेली कातडी. आता रडेल, त्याला वाटलं. रडू दे, मग समजावता येईल. त्याने मान वर केली आणि त्याला कळेना की आपण काय बघतोय. म्हातारी रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर असं काही येत होतं जे ईदच्या दिवशीसुद्धा नव्हतं.

"म्हंजी पाच बाकी हायेत माझे," ती म्हणाली.

"अम्मी, तुला माफी आहे. हारिस म्हणाला. गरिबाला जेवू घातलं की झालं."

"मला वाटलं, संपले." ती त्याचं ऐकतच नव्हती. "ईदपासून सकाळी उठते आन वाटतं, झालं, आता काय न्हाई आपल्याला करायला. समदं संपलं. आन बघ की. पाच ठिवले अल्लानं माझ्यासाठी." ती चक्क हसली, एखाद्या पोरीला जत्रेतल्या पाळण्यात अजून एक फेरी मिळावी तशी. तो गुन्हा घेऊन आला होता, आणि तिने त्यातून देणगी काढली होती. पण त्याच देणगीने ती मरेल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं, तिच्या त्या सुजलेल्या पायांइतकं.

"हे बघ, तू कबूल केलं होतंस. हा शेवटचा म्हणून."

"मंग? ह्ये त्याच रमजानचे हायेत. नवे कुटं हायेत?"

"ठीक आहे. ठेव. पण थंडीत ठेव. आता केवढं ऊन आहे. डिसेंबरात दिवस लहान असतो, डॉक्टरांना विचारून एकेक ठेवू, मी इथे येऊन राहतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता, माया होती, आणि थोडी दयासुद्धा. "फैयाज," ती म्हणाली, "थंडीला मी असंन का?"

असशील की, असं म्हणायचं असतं अशा वेळी. शंभर लोक रोज म्हणतात. त्याच्या तोंडून ते निघालं नाही. एवढ्यात मगरीबची अजान झाली, ती उठली, भिंतीला धरत आत गेली, नमाज पढली आणि चुलीपाशी गेली. डबे उघडायचा, झाकणं पडायची, पाणी ओतायचा आवाज यायला लागला. ती उद्या पहाटेच्या सहरीची, रोजाआधीच्या जेवणाची तयारी करत होती. आतून म्हणाली, "दहीभात ठिवते. पोटाला थंड ऱ्हातो." जणू डॉक्टरांशी तेवढी तडजोड केली.

फैयाज दारात जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं, आता एकच करता येईल. "अम्मी, मग मी पण धरतो तुझ्याबरोबर. पाचही." सोबत राहिलो तर निदान लक्ष ठेवता येईल, दुपारी चक्कर आली तर जबरदस्तीने साखर-पाणी पाजता येईल, असा त्यात हिशेब होता.

तिने भाताचं भांडं खाली ठेवलं आणि वळली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. "थांब. तू रोजे कुटं सोडले हुते त्या दिवसांत? हितं आलता का?"

"नाही. नगरला."

"नगरच्या अजानवर?"

"हो."

"पाची दिवस?"

"पाची दिवस."

"अल्ला तेरा शुक्र," ती म्हणाली आणि भिंतीला टेकली. "मंग तुझे झाले. तुझे समदे पुरे झाले. मला तीच धास्ती पडली हुती." तिने पदराने डोळे पुसले. आता ती रडत होती, हलकी होऊन. "तुझं काय बी बाकी न्हाई, बेटा. तू झोप निवांत. मी माझी उठते."

फैयाज "हो" म्हणाला, कारण दुसरं काही म्हणणं त्याला शक्यच नव्हतं. आपले रोजे शाबूत राहिले याची माणसाला एवढी लाज वाटू शकते, हे त्याला माहीत नव्हतं. ती दह्याचं विरजण झाकत होती आणि त्याला म्हणत होती, दारात उभा राहू नको, डास चावतील, आत येऊन बस.